गावाच्या हाती समुद्र : फिलिपीन्सच्या किनाऱ्यावरील भागीदारी

फिलिपीन्स हा ७,६०० हून अधिक बेटांचा देश असून त्याच्या भोवतीचा समुद्र प्रवाळांच्या विविधतेच्या दृष्टीने जगातील अत्यंत संपन्न सागरी पट्ट्यात मोडतो. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच समुद्रातील मासळी इतक्या वेगाने घटली की, लहान होडीतून किनाऱ्यालगत गळ टाकणाऱ्या कुटुंबांना दिवसभराच्या कष्टांनंतर पुरेसे काही हाती लागेनासे झाले. या घसरणीमागे वाढती लोकसंख्या आणि मोठ्या बोटींची स्पर्धा तर होतीच, पण त्याहून घातक होत्या मासे पकडण्याच्या काही पद्धती. सुरुंगाचा स्फोट करून मासे मारले की, माशांबरोबर शेकडो वर्षांत घडलेले प्रवाळही क्षणात चुरा होतात. शोभेच्या माशांच्या आणि जिवंत मासळीच्या व्यापारासाठी सायनाइडचे द्रावण प्रवाळांच्या कपारींत फवारले जात असे. त्याने मासा गुंगतो आणि जिवंत हाती लागतो, पण आसपासचे जीव मरतात. ‘मुरो-आमी’ या पद्धतीत पोहणाऱ्यांची, आणि त्यांत बहुधा मुलांचीच, लांब रांग दोरांना बांधलेले दगड प्रवाळांवर आपटत पुढे सरके आणि घाबरलेले मासे मोठ्या जाळ्यात हाकलले जात; या पद्धतीवर १९८६ मध्ये बंदी आली.

हे सर्व घडत असताना समुद्रावर सत्ता कोणाची होती, हा प्रश्न विचारला तर कागदावर उत्तर स्पष्ट होते. १९७५ च्या मत्स्यव्यवसायविषयक हुकूमनाम्याने परवाने, नियम आणि शिक्षा यांचे सूत्र मुख्यतः मनिलातील केंद्रीय यंत्रणेकडे ठेवले होते आणि त्या यंत्रणेचा सारा भर उत्पादन वाढवण्यावर होता. प्रत्यक्षात मात्र हजारो बेटांच्या किनाऱ्यांवर पहारा ठेवण्याइतकी माणसे, बोटी वा इच्छा त्या यंत्रणेकडे नव्हती, आणि ज्या गावांच्या डोळ्यांसमोर हा विध्वंस चालला होता त्यांना तो थांबवण्याचा कायदेशीर अधिकार नव्हता. मालक दूर आणि जवळचे हतबल, अशा स्थितीत समुद्र सर्वांना मोकळा झाला. अमेरिकी शास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक साधनांचा ऱ्हास अटळ असतो असे मांडले होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात याला दिलेले उत्तर असे की, हार्डिन यांनी वर्णन केलेली अवस्था सामाईक मालकीची नसून मालकीच्या अभावाची आहे. जिथे वापरणाऱ्यांचा समूह ठरलेला असतो, नियम त्यांनी स्वतः केलेले असतात आणि वरची सत्ता त्या नियमांना मान देते, तिथे सामाईक साधने पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. या कामासाठी ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र फिलिपीन्सच्या विसायास भागातील मच्छीमार आणि एक प्रांतीय विद्यापीठ यांनी याच निष्कर्षाकडे जाणारी वाट त्या ग्रंथाच्या कितीतरी आधीपासून चोखाळायला सुरुवात केली होती.

दुमागेते शहरातील सिलिमन विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रज्ञ आंगेल अल्काला यांनी १९७४ मध्ये सेबू बेटाच्या दक्षिण टोकाजवळील सुमिलोन या छोट्या बेटाभोवतीच्या सुमारे एक चतुर्थांश प्रवाळक्षेत्रात मासेमारी पूर्ण थांबवण्याची व्यवस्था केली. देशातील हे पहिले असे राखीव क्षेत्र. त्यासाठी त्यांनी ओस्लोब नगरपालिकेची संमती मिळवली. फिलिपीन्समधील नगरपालिका म्हणजे केवळ शहराचा कारभार पाहणारी संस्था नव्हे. एक मुख्य गाव आणि भोवतालची अनेक लहान गावे मिळून ती बनते, त्यामुळे व्याप्तीने ती आपल्या तालुक्याच्या अधिक जवळ जाते. दहा वर्षे बंदी पाळली गेली आणि उरलेल्या तीन चतुर्थांश भागातील मासळी भरभरून वाढली. पुढे स्थानिक राजकारण पालटले, विद्यापीठ आणि नगरपालिका यांच्यात बेबनाव झाला आणि १९८४ मध्ये राखीव भागात सर्रास मासेमारी सुरू झाली. आणखी एक चतुर्थांश क्षेत्र खुले झाले म्हणजे एकूण उत्पन्न वाढायला हवे, असा साधा हिशोब कोणीही करील. पण अल्काला आणि त्यांचे ऑस्ट्रेलियन सहकारी गॅरी रस यांनी मच्छीमारांच्या पकडीच्या नोंदी तपासल्या तेव्हा दोन वर्षांच्या आत ते उत्पन्न जवळजवळ निम्म्यावर आल्याचे दिसले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष सागरी राखीव क्षेत्रांच्या अभ्यासात मैलाचा दगड मानला जातो, कारण संरक्षण दिल्याचा फायदा अनेकांनी मोजला होता, पण संरक्षण काढून घेतल्याचा तोटा इतक्या थेटपणे त्याआधी क्वचितच मोजला गेला होता.

विज्ञानाच्या दृष्टीने सुमिलोन यशस्वी ठरले, पण संस्था म्हणून ते फसले, आणि या अपयशाकडे अधिक लक्ष द्यायला हवे. या बेटावर मच्छीमारांची कायमची वस्ती नव्हती. मासेमारीसाठी येणारे लोक समोरच्या किनाऱ्यावरचे होते. करार झाला होता तो एक विद्यापीठ आणि एक नगरपालिका यांच्यात, म्हणजे दोन कार्यालयांत, आणि त्यातल्या एका कार्यालयातील माणसे बदलताच तो संपला. त्या क्षेत्रावर आपले म्हणून हक्क सांगणारा, ते मोडले तर आपले नुकसान झाले असे मानणारा समाज त्या करारात कुठेच नव्हता.

अल्काला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धडा आपो बेटावर गिरवला. नेग्रोस ओरिएंटल प्रांतातील दाउइन नगरपालिकेच्या हद्दीतील हे बेट जेमतेम पाऊण चौरस किलोमीटरचे असून त्यावर काही शे माणसांची, मुख्यतः मच्छीमारांची वस्ती आहे. विद्यापीठाने १९७९ पासून तेथे ये-जा सुरू केली, पण आल्याबरोबर क्षेत्र आखले नाही. समाजकार्याचे प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते बेटावर राहिले, प्रवाळ आणि मासे यांचे नाते समजावणाऱ्या बैठका झाल्या, सुमिलोनमध्ये काय घडले ते मच्छीमारांना सांगितले गेले. सुरुवातीला अनेकांना संशय होता आणि तो रास्त होता, कारण ज्याचे पोट रोजच्या पकडीवर आहे त्याला उद्याच्या मासळीसाठी आजची सोडा असे सांगणे ही मोठीच मागणी आहे. अखेर १९८२ मध्ये काही कुटुंबांनी आग्नेय किनाऱ्यालगतचा सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचा पट्टा, म्हणजे बेटाभोवतीच्या मासेमारीच्या प्रवाळक्षेत्राचा साधारण दहावा भाग, बंद ठेवण्याचे आपसांत ठरवले. त्याला कायद्याचे रूप आले ते १९८५ मध्ये, दाउइन नगरपालिकेने स्थानिक अध्यादेश काढल्यावर; त्याच वेळी बेटकऱ्यांची सागरी व्यवस्थापन समिती उभी राहिली. राखीव पट्ट्यात मासेमारी बंद झालीच, शिवाय बेटाभोवतीच्या सर्वच पाण्यात सुरुंग, विष, मुरो-आमी आणि फार बारीक आसाची जाळी यांना मनाई झाली आणि पहाऱ्याची जबाबदारी बेटावरच्या लोकांनी घेतली.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. लोकांचा निर्णय आधी झाला, त्यामागे विद्यापीठाची समजूत आणि मोजमाप उभे राहिले, मग नगरपालिकेने त्या निर्णयाला कायद्याचे बळ दिले, आणि राष्ट्रीय शासन सर्वांत शेवटी आले. मच्छीमार, स्थानिक स्वराज्य संस्था, संशोधन संस्था आणि शासन यांनी अधिकार आणि जबाबदारी वाटून घेऊन एखाद्या साधनसंपत्तीची राखण करणे याला अभ्यासक ‘सह-व्यवस्थापन’ म्हणतात. या शब्दात सर्व भागीदार एकाच पातळीवर असल्याचा भास होतो, पण प्रत्यक्षात कोण आधी आले आणि कोणी कोणाच्या निर्णयाला दुजोरा दिला यावरच या व्यवस्थेचे आयुष्य ठरते.

छोटा पट्टा बंद केल्याने उरलेल्या पाण्याला लाभ कसा होतो, हे समजून घेतले पाहिजे, कारण बेटकऱ्यांचा विश्वास शेवटी याच प्रक्रियेवर उभा राहिला. बंद क्षेत्रात मासे अधिक काळ जगतात आणि मोठे होतात; वजनाने दुप्पट झालेली मादी बहुतेक जातींत दुपटीहून अधिक अंडी घालते. या अंड्यांतून निघालेली पिल्ले काही काळ प्रवाहाबरोबर तरंगत दूरवर पसरतात आणि मिळेल त्या प्रवाळावर वस्ती करतात. दुसरीकडे, आतली दाटी वाढली की काही मोठे मासे जागेच्या आणि खाद्याच्या शोधात सीमा ओलांडून बाहेर येतात. शास्त्रज्ञ याला ‘ओसंडणे’ म्हणतात. मच्छीमाराला पहिला परिणाम दिसत नाही, दुसरा दिसतो, कारण राखीव क्षेत्राच्या सीमेलगत टाकलेल्या गळाला मोठा मासा लागू लागतो. मात्र हा उपाय प्रवाळांच्या आसऱ्याने राहणाऱ्या माशांपुरताच खरा आहे. तारली, बांगडा किंवा कुपा यांसारख्या लांब पल्ल्याने फिरणाऱ्या माशांना अर्ध्या किलोमीटरच्या पट्ट्याचे संरक्षण फारसे उपयोगी पडत नाही, आणि सर्व मासेमारीवरचा तोडगा म्हणून राखीव क्षेत्रे पुढे करणाऱ्यांनी ही मर्यादा विसरू नये.

आपोवर ही प्रक्रिया मोजण्याचे काम रस आणि अल्काला यांनी दोन दशकांहून अधिक काळ चालवले. सर्जनफिश आणि जॅक ही तेथील पकडीतील दोन महत्त्वाची माशांची कुळे. १९८३ ते २००१ या अठरा वर्षांत राखीव पट्ट्यातील त्यांचे एकूण वजन सुमारे तिपटीने वाढले. बाहेरही वाढ झाली, पण सीमेपासून २०० ते २५० मीटरच्या आत ती ठळक होती आणि त्याहून दूर गेल्यावर विरळ होत गेली, आणि वाढ राखीव क्षेत्रातूनच ओसंडत आल्याचा हा सबळ पुरावा ठरला. गळाने मासे धरणाऱ्यांची ताशी पकड आधीपेक्षा सुमारे निम्म्याने वाढली, आणि मासळी वाढूनही मासेमारीचे तास मात्र घटले, कारण प्रवाळ पाहायला येणाऱ्या पाणबुड्या पर्यटकांमुळे काही कुटुंबांना उत्पन्नाचे दुसरे साधन मिळाले होते. वाढलेली मासळी ओरबाडायला सगळे धावतील ही भीती या बेटापुरती तरी खोटी ठरली.

एका बेटाचा प्रयोग देशाचे धोरण होण्यासाठी कायद्याची चौकट बदलणे आवश्यक होते आणि तो बदल १९९१ च्या स्थानिक शासन संहितेने घडवला. फर्डिनांड मार्कोस यांची हुकूमशाही १९८६ मध्ये कोसळल्यानंतरच्या लोकशाहीकरणाच्या लाटेत हा कायदा आला. त्याने नगरपालिकेच्या ताब्यातील समुद्राची रुंदी किनाऱ्यापासून १५ किलोमीटरपर्यंत वाढवली आणि त्या पाण्यात परवाने देण्याचा, नियम करण्याचा व दंड आकारण्याचा अधिकार नगरपालिकेला दिला. १९९८ च्या मत्स्यव्यवसाय संहितेने त्यावर कळस चढवला : तीन टनांहून मोठ्या बोटी व्यापारी ठरवून त्यांना सर्वसाधारणपणे या पट्ट्याबाहेर ठेवले, किरकोळ मच्छीमारांना प्राधान्य दिले, शक्य तेथे नगरपालिकेच्या पाण्याचा किमान १५ टक्के भाग मत्स्य-अभयारण्यासाठी राखण्याची तरतूद केली, आणि प्रत्येक किनारी नगरपालिकेत मच्छीमारांच्या प्रतिनिधींची मत्स्य व जलसंपत्ती व्यवस्थापन परिषद स्थापण्यास सांगितले. आंगेल अल्काला स्वतः १९९२ ते १९९५ या काळात देशाचे पर्यावरण व नैसर्गिक साधनसंपत्ती मंत्री होते आणि १९९२ मध्येच त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रवाळांवर बुडी मारणाऱ्या शास्त्रज्ञाच्या हाती काही काळ का होईना राज्ययंत्रणा आली, हा या देशाच्या किनाऱ्याचा भाग्ययोग म्हटला पाहिजे.

या चौकटीत राखीव क्षेत्रांची संख्या झपाट्याने वाढून दीड हजाराच्या पुढे गेली. लुझॉनच्या पश्चिम किनाऱ्यावरील सान साल्वादोर बेटावर १९८९ मध्ये हारिबोन या पर्यावरण संस्थेच्या प्रयत्नांतून अभयारण्य झाले. अन्यत्र परदेशी मदतीच्या प्रकल्पांनी नगरपालिकांना किनारी आराखडे करून दिले. गावोगावी ‘बान्ताय दागात’ या नावाने ओळखली जाणारी समुद्ररक्षकांची पथके उभी राहिली. बहुतेक ठिकाणी हे रक्षक जवळजवळ बिनपगारी असतात, रात्री लहान होडीतून सशस्त्र घुसखोरांना सामोरे जातात, आणि त्यांतील काहींनी या कामात प्राण गमावले आहेत. भागीदारीचा आलेख काढताना विद्यापीठे, मंत्रालये आणि दाते ठळक अक्षरांत येतात; या माणसांचे नाव क्वचितच येते, आणि हा अन्याय आहे.

संख्या वाढली त्या वेगाने गुणवत्ता वाढली नाही, हेही नोंदवले पाहिजे. यातील कित्येक क्षेत्रे इतकी लहान आहेत की त्यांच्यातून ओसंडण्याजोगे फारसे काही साठत नाही, आणि अनेक केवळ अध्यादेशाच्या कागदावर आहेत. प्रकल्पाची मुदत तीन ते पाच वर्षांची आणि प्रवाळ सावरण्याची मुदत दहा-वीस वर्षांची, या विसंगतीवर परदेशी मदतीने अद्याप उत्तर शोधलेले नाही. बोटीचे इंधन, सीमेवरची तरंगखूण, पहाऱ्याची चौकी यांचा खर्च प्रकल्प संपताच बंद होतो आणि त्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत नवा महापौर आला की सुमिलोनची पुनरावृत्ती होते. जेथे नगरपालिकेने आपल्या वार्षिक अंदाजपत्रकात या खर्चाला कायमची जागा दिली, तेथेच काम टिकले.

आपोची पुढची हकिगत वेगळ्या प्रकारचा इशारा देते. १९९४ मध्ये राष्ट्रीय शासनाने संपूर्ण बेटाला संरक्षित भूक्षेत्र व सागरक्षेत्राचा दर्जा दिला. वरवर पाहता हा गौरव होता, परंतु निर्णयाचे केंद्र बेटकऱ्यांच्या समितीकडून मंत्रालयाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील व्यवस्थापन मंडळाकडे सरकले. बेटकऱ्यांना त्यात स्थान होते, पण शेवटचा शब्द त्यांचा राहिला नाही. पर्यटकांकडून जमणारे शुल्क राष्ट्रीय निधीत भरावे लागे, त्यातील तीन चतुर्थांश परत यायचे असे ठरले होते आणि ते परत येण्यास विलंब होई. आपण राखलेल्या प्रवाळावरचा पैसा राजधानीची वारी करून येतो, ही भावना लोकांच्या मनात घर करून राहिली. संरक्षित क्षेत्रांविषयीच्या २०१३ च्या दुरुस्ती कायद्याने तीन चतुर्थांश रक्कम थेट स्थानिक मंडळाकडे ठेवण्याची सोय झाली, म्हणजे तक्रार खरी होती हे शासनानेही मान्य केले; पण त्यासाठी जवळपास दोन दशके जावी लागली.

मानवी व्यवस्थेच्या हाताबाहेरचे आघातही झाले. डिसेंबर २०११ आणि डिसेंबर २०१२ मधील दोन चक्रीवादळांनी राखीव पट्ट्यातील प्रवाळ मोडून काढले. पंचवीस वर्षे जपलेले क्षेत्र दोन रात्रींत दगडांचा ढिगारा व्हावे, ही घटना कोणाही निसर्गप्रेमीला हताश करणारी आहे. बेट सावरू शकले, कारण विध्वंसक पद्धतींवरची बंदी एका पट्ट्यापुरती नव्हती, ती भोवतीच्या सर्व पाण्याला लागू होती आणि दुसऱ्या बाजूंचे प्रवाळ शाबूत होते. एकाच जागेवर सारी भिस्त ठेवू नये, हा नियोजनाचा मुद्दा त्यामुळे पुढे आला, आणि शेजारच्या नगरपालिकांनी एकमेकींशी करार करून राखीव क्षेत्रांचे जाळे विणावे हा विचार बळावला. मासे आणि वादळे यांपैकी कोणीच नगरपालिकेची हद्द पाळत नाही.

या व्यवस्थेवरील सर्वांत गंभीर आघात अलीकडचा आहे. मासेमारी करणाऱ्या एका कंपनीच्या याचिकेवर मालाबोन येथील न्यायालयाने व्यापारी बोटींना १५ किलोमीटरच्या आतील पाण्यातही मुभा देणारा निकाल दिला आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठाने तो उचलून धरला. किरकोळ मच्छीमारांच्या संघटना, शास्त्रज्ञ आणि अनेक नगरपालिका त्याविरुद्ध एकत्र आल्या. तीस वर्षांत जे काही उभे राहिले त्याचा पाया १५ किलोमीटरची ती रेषा होती; ती पुसली गेली तर आतील अभयारण्यांच्या फलकांना फारसा अर्थ उरणार नाही.

मराठी वाचकाला हा सर्व इतिहास परका वाटण्याचे कारण नाही. आपोवर नगरपालिकेचा अध्यादेश निघाला त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. येथेही प्रवाळ होते, येथेही पिढीजात मच्छीमार होते, आणि रापणीसारखी, अनेक घरांनी मिळून जाळे ओढायचे व पकडीचे वाटे करायचे अशी, सामूहिक संस्था गावागावांत आधीपासून नांदत होती. फरक होता तो क्रमाचा. मालवणात अधिसूचना आधी आली आणि लोकांशी बोलणे नंतर. परिणामी मच्छीमारांनी अभयारण्याकडे पोटावरचे संकट म्हणून पाहिले आणि त्यांचा विरोध दशकानुदशके टिकून राहिला. याच जिल्ह्यात पुढे राज्याचा कांदळवन कक्ष आणि संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या प्रकल्पात बचत गटांच्या महिला खेकडापालन, कालवपालन आणि वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतील कांदळवन सफर यांत उतरल्या, ट्रॉलरच्या जाळ्यांना लहान मासळी निसटू देणारा चौकोनी आस लावण्याचे प्रयोग झाले, आणि लोकांना आधी विश्वासात घेतले तर किनारा किती सहकार्य करतो हे दिसून आले. पारंपरिक मच्छीमारांच्या दीर्घ लढ्यानंतर राज्य शासनाने २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, त्यामागेही याच समाजाचा रेटा होता.

तथापि प्रकल्प आणि निर्बंध यांनी अधिकार मिळत नाही. फिलिपीन्सने १९९१ मध्ये स्थानिक शासन संहिता केली. भारताने त्यानंतर वर्षभराने, डिसेंबर १९९२ मध्ये, त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती संमत केली आणि पंचायतींकडे सोपवता येतील अशा विषयांच्या अकराव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसायाचा समावेश केला. तेथील नगरपालिकेला १५ किलोमीटर समुद्र मिळाला. महाराष्ट्रात मात्र १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखालील परवाने, मनाई आणि दंड यांचे सर्व अधिकार आजही राज्य शासन आणि त्याचे अधिकारी यांच्याकडेच आहेत, आणि पर्ससीनची बोट डोळ्यांदेखत किनाऱ्यालगत जाळे टाकत असताना किनाऱ्यावरील ग्रामपंचायतीला तक्रारीचा अर्ज देण्यापलीकडे काही करता येत नाही. अनुसूचीतील तो विषय किनाऱ्यालगतच्या पाण्यापर्यंत नेणारा, मच्छीमार सहकारी संस्था आणि ग्रामपंचायत यांना मिळून राखणीचा व मनाईचा अधिकार देणारा आणि त्यासाठी अंदाजपत्रकात कायमची तरतूद करणारा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने आता करावा.